पुण्यात थ्री-फोर बीएचके भाड्याने घेताना: खान्देशातल्या मोठ्या कुटुंबासाठी सगळं क्रमाने

आमच्या अमळनेरच्या घरातली पाच मुलं आज पुण्यात आहेत. दोघं हिंजवडीत नोकरीला, एक इंजिनिअरिंगला, पुतणी सीएची आर्टिकलशिप करते आणि सगळ्यात धाकटा बारावी करून गेला. तिघा भावांची ही मुलं. सुरुवातीला कुणी हॉस्टेलवर, कुणी पीजीत, कुणी कॉट बेसिसवर असे विखुरलेले होते. एका संध्याकाळी ओट्यावर बसून हिशोब मांडला, तर पाच ठिकाणच्या राहण्या-जेवणाच्या खर्चात एक मोठा फ्लॅट आरामात बसत होता. त्यात सासूबाईंच्या डोळ्यांचे उपचार पुण्यात सुरू झाले आणि घर घ्यायचं पक्कं झालं. सहा वर्षांत आम्ही दोन फ्लॅट भाड्याने घेतले. पहिल्यात ज्या चुका केल्या, त्या दुसऱ्यात टाळल्या. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून असं घर शोधायला निघालेल्यांचे ते पैसे आणि मनस्ताप वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी घरात बसून कागदावर लिहा

ब्रोकरला फोन करण्याआधी घरात एक बैठक घ्या. कोण कायम राहणार, कोण येऊन-जाऊन, कोण किती पैसे देणार आणि कुणी मध्येच घर सोडलं तर काय करायचं, हे चार प्रश्न. "आपण घरचेच, लिहायचं काय?" असं कुणीतरी म्हणेलच. आमच्याकडे माझ्या दिरांनी म्हटलं होतं. पण भावाभावांत कटुता येते ती न बोललेल्या पैशांवरून. वहीचं एक पान सगळ्यांसमोर लिहून त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर गेला, की पुढे कुणाला कुणाकडे मागायला संकोच वाटत नाही.

भाडं डोक्यावर वाटू नका, खोलीवर वाटा. आमचं भाडं ४५ हजार होतं. मास्टर बेडरूमला स्वतःची बाथरूम आणि बाल्कनी, तिथे नोकरी करणारे दोघं, म्हणून १८ हजार. दुसऱ्या खोलीला बाथरूम होती पण ती लहान, तिचे १६. तिसरी खोली पुतणीची. सासूबाई आणि मी गेलो की तिच्याच खोलीत असतो, म्हणून तिच्या ११ हजारांपैकी ६ तिच्या घरातून आणि ५ सामायिक खर्चातून. या वाटणीवरून आजवर एकदाही कुरबुर झालेली नाही.

डिपॉझिटचं मात्र वेगळं लिहा. दीड लाखात प्रत्येक भावाचे ५० हजार. घरमालक डिपॉझिट घर रिकामं झाल्यावरच परत देतो, मध्ये कुणी सोडून गेला तर त्याला देत नाही. म्हणून आमचा नियम असा: जो मध्येच जाईल त्याचा वाटा त्याच्या जागी येणारा देईल, आणि तसं कुणी आलं नाही तर घर सुटेपर्यंत त्याने पैशांसाठी थांबायचं.

कोणत्या बाजूला घ्यायचं

नोकरी-कॉलेजाचं अंतर तर सगळेच बघतात. आपल्या लोकांनी आणखी एक बघावं: गावाकडची गाडी कोणत्या बाजूने पुण्यात शिरते. धुळे-नाशिक मार्गाच्या बसगाड्या चाकण, भोसरी, नाशिक फाट्याकडून येतात. संभाजीनगर-अहिल्यानगर मार्गाच्या वाघोली, खराडीकडून. एसटीचं शिवाजीनगर स्थानक आता वाकडेवाडीला आहे. पहाटे साडेचारला दोन पिशव्या आणि एक म्हातारं माणूस घेऊन उतरलं, की तिथून घर वीस मिनिटांवर आहे की सव्वा तासावर, याचं महत्त्व कळतं. महाराष्ट्र एक्स्प्रेसने जळगाव, पाचोरा, चाळीसगावहून येणारे पुणे स्टेशनला उतरतात. तिथून मेट्रो मिळते, सिव्हिल कोर्टला बदलून पिंपरीकडे जाता येतं.

आम्ही पिंपरी-चिंचवडची बाजू निवडली. हिंजवडी जवळ, शिवाय तिकडे आपल्या खान्देशातली माणसं पुष्कळ. आपल्या कानबाई देवीच्या सणाच्या दिवसांत तिथल्या गल्ल्यांमधून अहिराणी गाणी ऐकू आली तेव्हा सासूबाईंचा चेहरा खुलला, ते आजही आठवतं.

शोध पाच-सहा आठवडे आधी सुरू करा. जून ते ऑगस्ट प्रवेशांची गर्दी असते. तेव्हा चांगला थ्री बीएचके दोन दिवसही रिकामा राहत नाही आणि मालक एक रुपया कमी करत नाही.

एक फोर बीएचके की शेजारचे दोन टू बीएचके?

हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, पण विचारावा. एकाच मजल्यावर समोरासमोर दोन टू बीएचके मिळाले, तर दोन स्वयंपाकघरं, दोन वीजमीटर आणि बहुतेक वेळा दोन पार्किंग मिळतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. १०० युनिटनंतर वाढतो, ३०० नंतर आणखी, ५०० नंतर आणखी. मोठ्या घराचं सगळं वीजबिल एका मीटरवर आलं की वरच्या टप्प्यात जातं, दोन मीटरवर विभागलं की तेवढंच वापरून कमी येतं. आणि एका भावाचं बिऱ्हाड हललं तर एकच फ्लॅट सोडता येतो. उलट बाजू अशी की करार दोन, डिपॉझिट दोन, कामवाल्या मावशींचे पैसे दोन घरांचे. एकाच चुलीवर जेवणारं कुटुंब असेल तर एकच मोठं घर घ्यावं. दोन कुटुंबं स्वयंपाक वेगळा करणार असतील, तर मी दोन फ्लॅटच्याच बाजूची आहे.

घर बघायला सकाळी सातला जा

ब्रोकर दुपारी किंवा संध्याकाळी बोलावतो. पहिल्यांदा त्याच्या वेळेने जा, आवडलं तर दुसऱ्यांदा सकाळी सातला जाण्याचा आग्रह धरा. आमच्या सासूबाईंनी पहिला फ्लॅट बघून एकच विचारलं होतं, "घर ते चांगलं शे, पन पानी कसं शे?" आम्ही हसलो. मग चार महिने टँकरचे पैसे भरले.

पिंपरी-चिंचवडमध्ये महापालिकेचं पाणी २०१९ पासून एक दिवसाआड येतं. शहराच्या कडेच्या, नव्या वस्त्यांतल्या कितीतरी सोसायट्या टँकरवर चालतात. आपल्याकडे नळ रोज येत नाही याची आपल्याला सवय आहे, पण तिथे ड्रम भरून ठेवायला जागा नसते आणि सहा माणसं साडेसात ते साडेआठ या एका तासात आंघोळ करतात. म्हणून सकाळी सातला जाऊन तिन्ही बाथरूमचे नळ एकदम सोडा, स्वयंपाकघरातलाही सोडा आणि शेवटच्या बाथरूममध्ये बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा. दुसऱ्या फ्लॅटच्या वेळी मी घड्याळ लावून बसले होते. बादली दीड मिनिटात भरली, तेव्हाच मी मनात घर पक्कं केलं. सुरक्षारक्षकाला विचारा, "उन्हाळ्यात टँकर किती येतात?" तो खरं सांगतो. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला आहे की वेगळा लावतात, हे सेक्रेटरींना विचारा.

विजेचंही तसंच. तिन्ही गीझर आणि असेल तेवढे एसी एकदम चालू करून पाच मिनिटं थांबा. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, पडला तर त्या घराचा मंजूर भार सहा-सात माणसांना पुरणारा नाही. मीटर सिंगल फेज आहे की थ्री फेज हेही विचारा. जनरेटर आहे असं सगळेच सांगतात. तो फक्त लिफ्ट आणि जिन्याच्या दिव्यांसाठी आहे की घरातले पंखेही चालतात, एवढं नेमकं विचारायचं. गुडघे दुखणारं माणूस घरात असेल आणि घर नवव्या मजल्यावर, तर लिफ्ट किती आणि बंद पडली की किती दिवसांत दुरुस्त होते, हे आधी.

स्वयंपाकघराबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपला स्वयंपाक वेगळा. नव्या इमारतींत ओपन किचन असतं, हॉल आणि ओटा एकच. भरताची वांगी भाजली किंवा ठेच्याच्या मिरच्या तव्यावर टाकल्या, की धूर आणि खकाणा सगळ्या घरभर. हॉलमध्ये मीटिंगला बसलेला मुलगा खोकत उठतो. शक्यतो दार असलेलं स्वयंपाकघर आणि त्याला लागून ड्राय बाल्कनी असलेलं घर बघा, चिमणी चालू करून बघा. माळा आहे का ते बघा, कारण गावाहून गहू, दादर ज्वारी, उडदाची पोती येणारच. बिबडे, पापड, कुरडया वाळवायच्या असतील तर गच्ची वापरू देतात का, हेही आधी विचारून ठेवा. बऱ्याच सोसायट्या गच्चीला कुलूप लावतात.

घराचं माप विचारताना कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती तेच विचारा. "सोळाशे स्क्वेअर फूट" म्हणून दाखवलेलं घर आतून पुष्कळ कमी भरतं, आणि तिसरी बेडरूम कधीकधी इतकी लहान असते की डबल बेड टाकल्यावर कपाटाचं दार उघडत नाही. टेप सोबत ठेवा.

जे विचारायला संकोच वाटतो ते आधीच विचारा

कोण कोण राहणार हे मालकाला खरं सांगा. "फॅमिली" सांगून चार मुलं ठेवली की महिन्याभरात सोसायटीत कुरकुर सुरू होते. आमच्यासारखी भावंडं-चुलत भावंडं असतील तर तसंच सांगायचं, आणि घरातलं एक मोठं माणूस वर्षातले काही महिने राहणार असेल तर तेही. त्याने मालकाचा विश्वास बसतो, असा माझा अनुभव आहे.

मांसाहार चालतो का, हे थेट विचारा. पै-पाहुणे किती दिवस राहिले तर चालतील, तेही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोटांच्या प्रसादाला भाऊबंदकी येते, रात्रभर गाणी, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन. घरात कानबाई बसवणार असाल तर ते मालकाच्या आणि सेक्रेटरींच्या कानावर आधीच घाला. आम्ही सांगितलं तेव्हा सेक्रेटरींनी क्लब हाऊस देऊ केलं. न सांगता केलं असतं तर रात्री दहाला बेल वाजली असती.

पार्किंग करारात नंबरासकट लिहून घ्या. जळगावकडून एमएच १९ ची पाहुण्यांची गाडी आली तर ती रात्री कुठे लावायची, तेही विचारा.

पैसे द्यायच्या आधी मालक खरा आहे ना, ते तपासा

मालकाच्या नावाचं वीजबिल, मालमत्ता कराची पावती आणि खरेदीखताची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, हे तीन कागद मागा. घर नवरा-बायकोच्या दोघांच्या नावावर असेल तर करारावर दोघांच्याही सह्या हव्यात. मालक परदेशात असेल तर इथे सही करणाऱ्याकडे मुखत्यारपत्र आहे का, ते वाचून बघा. सेक्रेटरींना विचारा, या फ्लॅटची मेंटेनन्सची थकबाकी आहे का, बँकेची काही नोटीस आली आहे का. मालकाने कर्जाचे हप्ते थकवले की बँक घराचा ताबा घेऊ शकते, आणि मग भाडेकरूची धावपळ होते.

घर न बघता टोकन कधीही देऊ नका. "मी सैन्यात आहे, बदली झाली, गेट पाससाठी आधी पैसे पाठवा" असं सांगून क्यूआर कोड पाठवणारे भामटे जाहिरातींच्या साइट्सवर भरपूर असतात. त्यांच्या जाळ्यात अडकतात ती गावाकडून फोनवरच घर ठरवू पाहणारी आपल्यासारखी माणसं. टोकन, डिपॉझिट, भाडं सगळं बँकेतून, मालकाच्याच खात्यावर. ब्रोकरची दलाली साधारण एक महिन्याचं भाडं असते. घर दाखवण्याआधीच ती ठरवून घ्या, थोडीफार कमी होते.

करार

महाराष्ट्रात राहत्या घराचा करार बहुधा लिव्ह अँड लायसन्स पद्धतीचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा, ११ महिन्यांचा होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे.

मुद्रांक शुल्क काढणं सोपं आहे. पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. आमचं उदाहरण घ्या. ४५ हजार गुणिले ११ म्हणजे ४ लाख ९५ हजार. दीड लाखावर ११ महिन्यांचं व्याज १३,७५०. एकूण ५ लाख ८ हजार ७५०, त्याचं शुल्क साधारण १,३०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. त्यावर ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्या एजंटाची मजुरी. कुणी आठ-दहा हजार सांगत असेल तर हा हिशोब त्याच्यासमोर ठेवा. आधारवर अंगठा देऊन घरबसल्या नोंदणी होते आणि सगळे एकाच वेळी एकाच ठिकाणी हजर असायची गरज नसते.

आता आमची सगळ्यात मोठी चूक. पहिल्या फ्लॅटचा करार आम्ही फक्त मोठ्या पुतण्याच्या नावाने केला, "एकच आधार कार्ड, झटपट होईल" म्हणून. सातव्या महिन्यात त्याला बंगळुरूची नोकरी लागली. मालक म्हणाले, ज्याच्याशी करार तोच राहत नाही, महिन्याभरात घर रिकामं करा. कागदावर बाकीच्या चौघांचं नावच नव्हतं, बोलणार काय? परीक्षेच्या तोंडावर मुलांनी सामान बांधलं. म्हणून घरात राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाचं नाव करारात लायसन्सी, म्हणजे भाड्याने राहणारा, म्हणून घाला, आणि "एक जण सोडून गेल्यास उर्वरितांसाठी करार त्याच अटींवर चालू राहील" असं वाक्य मुद्दाम लिहून घ्या. आईवडील येऊन-जाऊन राहणार असतील तर तेही नावानिशी लिहा.

बाकी अटींत हे बघा. लॉक-इन, म्हणजे करार मध्येच मोडता न येण्याचा काळ, किती महिन्यांचा आणि तो दोन्ही बाजूंना लागू आहे का. नोटीस एक महिन्याची की दोन. मेंटेनन्स कोण भरणार. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते ते मालकाच्या बिलात येतं, आणि ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. ते तुमच्या माथी मारू देऊ नका. घर सोडताना रंगाचे, साफसफाईचे पैसे कापणार असतील तर रक्कम आत्ताच लिहा, आणि नेहमीच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या खाती नाही, हेही. डिपॉझिट किल्ल्या देतानाच परत, असं लिहा. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी नूतनीकरणाचं बोला. नवा करार न करता मुदतीनंतर राहिलात तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाड्याची मागणी होऊ शकते.

भाडं महिना ५० हजारांच्या वर असेल तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस, म्हणजे मालकाच्या भाड्यातूनच कापलेला आयकर, सरकारकडे भरायचा असतो, नोकरदार माणसानेसुद्धा. मोठ्या फ्लॅटला हे लागू होऊ शकतं आणि बऱ्याच जणांना नोटीस आल्यावर कळतं. मालक अनिवासी भारतीय असेल तर ५० हजारांची ही मर्यादाच नाही, कापायचा दरही खूप जास्त. अशा वेळी करारावर सही करण्याआधी सीएला विचारा.

पोलिसांकडे भाडेकरूंची नोंद ऑनलाइन होते. ती झाल्याची पावती मालकाकडून मागून घ्या, सोसायटीला तीच लागते.

राहायला जाताना आणि सोडताना

सामान आणण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. प्रत्येक खोली, प्रत्येक भिंत, ओल, फुटकी टाइल, सिंकखालचा भाग, गीझर, पंखे. मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा म्हणजे तारीख आपोआप राहते. वस्तूंची यादी करून दोघांनी सही करा. यादीत रिमोट, किल्ल्यांचे जोड, गॅसच्या पाइपलाइनचं मीटर रीडिंगही यावं. मागच्या भाडेकरूचं वीजबिल बाकी आहे का, हे ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या साइटवर दिसतं.

गावाहून टेम्पो आणणार असाल तर सोसायटीत सामान चढवायच्या वेळा आधी विचारा. काही ठिकाणी रविवारी बंद असतं, काही ठिकाणी लिफ्टसाठी वेगळी अनामत घेतात. आमचा टेम्पो दोन तास गेटबाहेर उभा होता, त्यात सासूबाईंची तुळस सुकून गेली.

सोडताना नोटीस व्हॉट्सअ‍ॅपसोबत ईमेलवरही द्या. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा असं म्हणू नका, बहुतेक मालकांना ते चालत नाही आणि बोलणी बिघडतात. घर झाडून-पुसून, वीज आणि गॅसच्या मीटरचे फोटो काढून, आल्या दिवशीचा व्हिडिओ मोबाइलवर उघडून मालकासोबत खोलीखोलीतून फिरा. पहिल्या घराच्या वेळी आमच्याकडे व्हिडिओ नव्हता, बाथरूममधल्या जुन्या तड्याचे १२ हजार कापले गेले. किल्ल्या हातात ठेवूनच डिपॉझिटचं बोला, आणि रक्कम खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला की मग किल्ल्या द्या.